अकरावी-बारावी इंदूरला, भरती सिंगापूरला

सिंगापूरहून मुलाला अकरावीला इंदूरला आणायचं, दोन वर्षं आजी-आजोबांकडे ठेवायचं आणि बारावी झाली की पुढचं बघायचं, हा बेत ऐकायला सरळ आहे. रामबागेत किंवा लोकमान्यनगरात घर असतं आणि भाषेचीही अडचण येत नाही. सिंगापूरच्या शाळांत मातृभाषा म्हणून हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येते, मराठी नाही, त्यामुळे आपली मुलं तिथे हिंदीच शिकतात आणि इंदुरात ती कामाला येते. घोटाळा होतो तो फौजेच्या कागदांत. ही फाईल सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताळताना जे कळलं, ते इथे मांडलं आहे.

आधी लागू कोणाला आहे ते पाहू. सिंगापुरात सक्तीची लष्करी सेवा १९६७ पासून आहे. सगळे तिला एनएस, म्हणजे नॅशनल सर्व्हिस, म्हणतात. नागरिक मुलगा त्यात येतो हे सर्वांना ठाऊक असतं. पण वडिलांनी नोकरीच्या जोरावर पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, घेतला आणि मुलाचा पीआर वडिलांच्या आधाराने झाला, तर वडिलांना सेवा नाही आणि मुलाला आहे. पासपोर्ट भारताचा असला तरी आहे. ‘आम्ही तर इंडियन पासपोर्टवाले’ म्हणून अनेक घरं निश्चिंत बसतात, आणि खरी गडबड त्याच घरांत होते. मुलींना सेवा नाही, त्यामुळे मोठ्या बहिणीचं शिक्षण इंदुरात सुखाने झालं हा अनुभव धाकट्या भावाच्या बाबतीत कामाचा नाही.

वयाचे तीन टप्पे डोक्यात पक्के हवेत: तेरा, साडेसोळा आणि अठरा. तेरा पूर्ण झाल्यावर मुलगा तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ देशाबाहेर राहणार असेल तर एक्झिट परमिट लागतं. साडेसोळाला नावनोंदणी होते. अठरा पूर्ण झाल्यावर पहिल्या मिळेल त्या तुकडीत भरती होते. पूर्णवेळ सेवा दोन वर्षांची असते आणि शारीरिक चाचणी आधीच ठरलेल्या दर्जाने पास केली तर दोन महिने कमी होतात. पुढे चाळिशीपर्यंत, अधिकारी असेल तर पन्नाशीपर्यंत, राखीव दलाची बोलावणी येत राहतात.

आता मुख्य गोष्ट. एक्झिट परमिट आणि डिफरमेंट हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला मुलगा कुठे राहणार त्याचा, दुसरा भरती कधी होणार त्याचा. ‘शिक्षणासाठी सवलत मिळाली’ असं घरात बोललं जातं तेव्हा यातलं नेमकं काय मिळालं हे कोणी विचारत नाही. नुसतं परमिट असेल आणि मुलगा बारावीच्या मध्यात अठराचा झाला, तर भरतीची नोटीस येणारच. आणि डिफरमेंट असून परमिटची तारीख उलटली, तर परवानगीशिवाय देशाबाहेर राहण्याचा गुन्हा सुरू झाला. मुलगा त्या वेळी रोज शाळेत जात असला तरी. दोन्ही तारखा एकमेकींशी जुळवणं हे या सगळ्या प्रकरणातलं निम्मं काम आहे.

हिशेब उदाहरणानेच कळतो. समजा मुलगा १० ऑगस्ट २०१० चा. सिंगापूरचं शाळेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, म्हणजे चौथ्या सेकंडरीला ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२६ मध्ये त्याची ओ-लेव्हल, म्हणजे तिकडची दहावी. निकाल जानेवारी २०२७ मध्ये. १० फेब्रुवारी २०२७ ला तो साडेसोळाचा होतो. इंदुरात अकरावी एप्रिल २०२७ ला सुरू, बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्च २०२९ मध्ये, निकाल साधारण मे महिन्यात. पण अठरा तो १० ऑगस्ट २०२८ लाच झाला, बारावीच्या सहामाहीच्या आसपास. म्हणजे तिथून पुढचे आठ-नऊ महिने डिफरमेंट हवं, आणि जानेवारीअखेरपासून मे २०२९ पर्यंतचे सुमारे सव्वादोन वर्षं परमिट हवं. याच मुलाने इयत्ता पहिलीपासून इथे शिकून बारावी केली असती तर तो सतरा वर्षं आठ महिन्यांचा असताना सुटला असता आणि डिफरमेंटचा प्रश्नच आला नसता. तिकडचं शाळेचं वर्ष आणि इकडचं यांच्या सांध्यात जवळजवळ एक वर्ष वाढतं, आणि तेच नेमकं अठराव्या वाढदिवसावर येऊन बसतं.

या उदाहरणात आणखी एक खोच आहे. मुलगा जानेवारीअखेर निघाला तर साडेसोळाला दहा-बारा दिवस बाकी असतात. ‘नोंदणीच्या आतच निघालो, आता आल्यावर बघू’ असं म्हणणारे भेटतात. नोंदणी चुकत नाही. फक्त सूचना सिंगापूरच्या नोंदवलेल्या पत्त्यावर जाते, तिथे आता दुसरं कुणी भाड्याने राहत असतं आणि पत्र टपालपेटीत पडून राहतं. पत्ता बदलल्याची नोंद अठ्ठावीस दिवसांत करणं तिथे बंधनकारक आहे. घर सोडताना वीज-पाण्याच्या खात्यांबरोबर हेही उरकून टाकावं.

नोंदणी आणि अर्ज ऑनलाइन होतात, सिंगपासने, म्हणजे तिथल्या सरकारी डिजिटल ओळखीने, लॉगिन करून. मुलाचा स्वतःचा सिंगपास पंधराव्या वर्षापासून काढता येतो. तो सिंगापुरात असतानाच काढा, इंदुरात बसून नव्याने काढायला गेलात तर दमछाक होते. तिथलं सिमकार्ड बंद करून येण्याची घाईही नको. महिन्याचे चार पैसे वाचतात आणि ओटीपी कुठे जातो ते कळेनासं होतं. सर्वात स्वस्त प्लॅनवर रोमिंग चालू ठेवून तो नंबर दोन-अडीच वर्षं जिवंत ठेवा. फोन करायचा तर सकाळी करा. ते आपल्या अडीच तास पुढे आहेत, आपली जेवणं होऊन डुलकी लागेपर्यंत तिथे कचेरी आवरायची वेळ झालेली असते.

आता पैसे. साडेसोळाच्या आतल्या मुलाला दोन वर्षं किंवा जास्त बाहेर राहायचं असेल तर बाँड लागतो. साडेसोळानंतर तीन महिन्यांच्या वरच्या मुक्कामालाही लागतो. रक्कम ७५,००० सिंगापूर डॉलर किंवा आई-वडिलांच्या मागच्या वर्षीच्या एकत्रित ढोबळ उत्पन्नाच्या निम्मी, यातली जी जास्त असेल ती. म्हणजे दोघांचं मिळून उत्पन्न दीड लाख डॉलरपर्यंत असेल तर ७५,००० आणि दोन लाख असेल तर एक लाख. ७५,००० डॉलर म्हणजे ढोबळमानाने पन्नास लाख रुपये. हे शुल्क नव्हे, हमी आहे. ती बँक गॅरंटीच्या रूपात द्यायची असते आणि बँक त्यापोटी बहुधा मुदत ठेव अडकवून ठेवते, वर दर वर्षाचं कमिशन घेते. उत्पन्न ढोबळ धरतात, कर वजा जाता नव्हे. दोघंही कमावते असतील तर दोघांची करआकारणीची नोटीस जोडावी लागते. आईने मध्येच नोकरी सोडली असली तरी हिशेब मागच्या वर्षाचा.

आई-वडील स्वतः परदेशी नोकरीवर जात असतील आणि मुलगा त्यांच्यासोबत जात असेल तर या हमीतून सूट मागता येते, नोकरीचं पत्र जोडून. पण आपल्याकडचा नेहमीचा प्रकार तो नाही. वडील सिंगापुरातच नोकरीत, आई येऊन-जाऊन आणि मुलगा रामबागेत आजोबांकडे. आजोबा या सवलतीत बसत नाहीत. ‘आजोबा म्हणजे पालकच की’ हे आपल्या घरात खरं आहे, त्यांच्या फॉर्मवर नाही. हे आधी कळलं तर ठेवीची तजवीज करता येते. तिकीट काढल्यावर कळलं तर एका महिन्यात पन्नास लाखांची हमी उभी करताना घरातली शांतता जाते.

डिफरमेंटच्या अर्जात नियमाचा गाभा एवढाच: ए-लेव्हल (तिकडची बारावी), डिप्लोमा किंवा त्यांच्या तोडीचं पूर्णवेळ शिक्षण चालू असेल तर ते पुरं होईपर्यंत भरती पुढे ढकलतात. परदेशातलं हायस्कूलही त्यात येतं. विद्यापीठासाठी मात्र मिळत नाही. आपली बारावी या चौकटीत बसते. बसते हे दाखवण्याचं काम शाळेच्या एका पत्रावर असतं, आणि ते पत्र मिळवणं हे इंदुरातलं सर्वात चिवट काम.

शाळेच्या ऑफिसात बोनाफाइड मागितलं की छापील नमुना पुढे येतो: अमुक विद्यार्थी सत्र २०२७-२८ मध्ये आमच्या शाळेत अकरावीत शिकत आहे, चालचलन चांगलं आहे. सही, शिक्का, झालं. बाबू म्हणतात, ‘भिया, बोनाफाइड तो यही बनता है.’ त्यांचं बरोबर आहे, बँकेला आणि बसच्या पासला तेवढं पुरतं. तिकडे हे पत्र गेलं की प्रश्न परत येतो: अभ्यासक्रम संपणार कधी? पत्र एका सत्राचं असेल तर मंजुरीही तेवढ्याच काळापुरती मिळू शकते आणि मग बारावीच्या ऐन धावपळीत सगळं पुन्हा.

म्हणून मजकूर आपणच इंग्रजीत टाइप करून न्यावा आणि प्राचार्यांना भेटून लेटरहेडवर मागावा. त्यात असावं: पासपोर्टवर आहे तसंच्या तसं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक. अकरावी आणि बारावी हा सलग दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून मंडळ कोणतं. प्रवेशाची तारीख, दिवसासह. बोर्डाची अंतिम परीक्षा कोणत्या महिन्यात आणि निकाल कोणत्या महिन्यात अपेक्षित. विद्यार्थी नियमित आणि पूर्णवेळ आहे, हे शब्द. शेवटी प्राचार्यांचं नाव, सही, गोल शिक्का, शाळेचा फोन आणि ईमेल. ईमेल शाळेच्या नावाचा असेल तर उत्तम. पडताळणीचं पत्र आलंच तर ते उघडणारा माणूस कोण हेही त्याच भेटीत विचारून घ्यावं. ‘अपेक्षित समाप्ती’ या ओळीत नुसतं २०२९ लिहू देऊ नका, महिना हवा. आणि तो महिना निकालाचा लिहावा, शेवटच्या पेपरचा नाही. मार्चअखेर लिहिलं आणि परमिटही तिथेच संपलं, तर गुणपत्रिका हातात येण्याआधी परतावं लागतं.

नावाची गंमत वेगळीच. सिंगापूरच्या कागदांवर आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं. भारतीय पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. शाळेच्या स्कॉलर रजिस्टरात बाबू इंदुरी पद्धतीने मुलाचं नाव आणि आडनाव एवढंच चढवतात, वडिलांचं गाळतात. सीबीएसईत अकरावीला विद्यार्थ्याची नोंदणी होते आणि तिथे जे नाव गेलं तेच पुढे बारावीच्या प्रमाणपत्रावर येतं. नंतर बदल करणं फार किचकट. प्रवेशाच्या दिवशीच रजिस्टर उघडून बोट ठेवून वाचा. फरक राहून गेलाच, तर जिल्हा कोर्टाच्या आवारात नोटरीकडून ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं शपथपत्र करून घेता येतं, पण ती ठिगळं. शाळा समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबनोंदणीचा क्रमांक, आणि आधारही मागेल. मध्य प्रदेशात समग्रशिवाय कुणाचं पान हलत नाही. परदेशातून आलेल्या मुलाकडे ते नसणारच, तेव्हा आजोबांच्या कुटुंबाच्या समग्रमध्ये नाव जोडता येईल का, ही चौकशी फेब्रुवारीतच करा, एप्रिलच्या गर्दीत नको.

मुलगा सिंगापूरचा नागरिक असेल तर इथे राहण्याचा कागद वेगळा. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असेल तर प्रश्न मिटला. विद्यार्थी व्हिसावर १८० दिवसांहून जास्त राहणार असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. पीआर आणि भारतीय पासपोर्ट असेल तर इथे काहीच लागत नाही, पण तिकडे परत शिरायला रीएंट्री परमिट जिवंत हवं. त्याची तारीख एक्झिट परमिटच्या शेजारी त्याच वहीत लिहून ठेवा.

अकरावीच्या प्रवेशाला ओ-लेव्हलची समकक्षता लागते. इंग्रजीसह पाच विषय चांगल्या श्रेणीत असले की दहावीच्या बरोबरीला धरतात, त्याचं प्रमाणपत्र भारतीय विश्वविद्यालय संघाकडून, म्हणजे एआययूकडून. निकाल जानेवारीत, प्रवेश एप्रिलमध्ये, मधले दोन महिने यासाठीच आहेत. २०२६ ची ओ-लेव्हल ही त्या नावाची शेवटची. २०२७ पासून तिथे नवं सेकंडरी प्रमाणपत्र सुरू होतंय, त्यामुळे त्या वर्षापासून येणाऱ्यांनी शाळेला जुन्या मुलांचा दाखला देऊन भागणार नाही. कागदांवर अपोस्टिल, म्हणजे ते परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय कराराखालचा दाखला, लागला तर तो आता सिंगापुरातच मिळतो. २०२१ पासून ते त्या करारात आहेत, वकिलातीच्या चकरा वाचल्या.

इथवरचं सगळं चिकाटीने होतं. जिथे चिकाटी चालत नाही ती जागा भंवरकुआंला, इंदूरच्या कोचिंग क्लासेसच्या भागात, आहे. इंदुरात अकरावी म्हटली की कोचिंग आलंच, आणि कोचिंगबरोबर ‘डमी’ शाळाही सुचवली जाते: नाव शाळेत, मुलगा दिवसभर क्लासमध्ये. एनएसवाल्या मुलासाठी हा सल्ला सरळ नाकारावा. डिफरमेंट पूर्णवेळ शालेय शिक्षणासाठी आहे आणि पत्रात ‘नियमित’ हा शब्द प्राचार्यांनी सही करून दिलेला आहे. सीबीएसईची ७५ टक्के हजेरीची अट आहेच. हजेरीवरून मुलाला परीक्षेला बसू दिलं नाही तर इतर मुलांचं वर्ष जातं, याचं वर्ष तर जाईलच आणि वर डिफरमेंटचा आधारही जाईल.

दुसरं, ड्रॉप. बारावीनंतर एक वर्ष थांबून पुन्हा जेईई द्यायची ही इंदुरात इतकी सर्रास गोष्ट आहे की पालक ती गृहीत धरूनच बोलतात. ड्रॉपचं वर्ष म्हणजे शाळा नव्हे. त्याला डिफरमेंट नाही. बारावीचा निकाल लागला की भरती. आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्ड बारावीच्या वर्षी आणि लगेच पुढच्या वर्षी, अशी लागोपाठ दोनच वर्षं देता येते. वरच्या उदाहरणातला मुलगा २०२९ ला बारावी होतो, २०३१ ला सेवा संपवतो, तोवर आयआयटीचं दार बंद. आयआयटी हवी तर ती एकाच प्रयत्नात, बारावीबरोबरच, आणि तीही लागली तरी जागा दोन वर्षं राखून ठेवली जाईल असं धरून चालू नये. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, तिथे दार उघडं राहतं. सिंगापूरची विद्यापीठं एनएसमधल्या मुलांच्या जागा राखून ठेवतात. म्हणून मुलाला इंदुरात आणण्याआधी घरात बसून ठरवावं की बारावीनंतरचं शिक्षण नेमकं कुठे. आयआयटीसाठी म्हणून आणत असाल तर वरचा हिशेब पुन्हा एकदा वाचा.

बारावीत एखादा विषय राहिला तर जुलैत पूरक परीक्षा असते. त्यासाठी दोन्ही कागदांची मुदत वाढवून मागावी लागते, शाळेच्या नव्या पत्रासह, जुनी मुदत संपण्याआधी. संपल्यावर मागणं ही वेगळी गोष्ट झाली.

ती वेगळी गोष्ट किती महाग आहे तेही सांगायला हवं. परवानगीशिवाय बाहेर राहिल्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा दोन्ही. हा दंड वाढला २००६ मध्ये. मेल्विन टॅन हा पियानोवादक १९६९ मध्ये बारा वर्षांचा असताना संगीत शिकायला इंग्लंडला गेला, परतला नाही, आणि २००५ मध्ये परत आल्यावर तीन हजार डॉलर दंडावर सुटला. त्यावर तिथे मोठा गदारोळ झाला आणि कायदा कडक झाला. आता दोन वर्षांहून जास्त चुकवलं तर सरकार तुरुंगवासच मागतं. सवलती नाहीतच असं नाही. जोसेफ स्कूलिंगला अमेरिकेत शाळेत असताना पोहण्यासाठी भरती पुढे ढकलून मिळाली होती, पण त्याने पुढे ऑलिंपिकचं सुवर्ण आणलं. आपल्या मुलाचं राज्यस्तरीय टेबल टेनिस या खात्यात मोडत नाही.

‘मग पीआरच सोडून देऊ’ हा मार्ग सगळ्यांच्या मनात एकदा येतोच. सोडता येतो. पण सेवा न करता सोडला तर पुढे सिंगापुरात शिकायला किंवा नोकरीला जाताना तो अर्जावर उलटतो, हे सरकार स्वतःच स्पष्ट सांगतं. नागरिक मुलाला तर एकविसाच्या आत नागरिकत्व सोडताच येत नाही.

शेवटच्या सहा महिन्यांत दोनच कामं उरतात. मुलाला पळायला लावा: शारीरिक चाचणीत पुश-अप, सिट-अप आणि २.४ किलोमीटर धावणं असतं, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर सहा फेऱ्या. मे महिन्यात इंदुरात पहाटे साडेपाचनंतर पळणं शक्य नाही, म्हणून सुरुवात थंडीतच. दुसरं, निकालाच्या दिवशी गुणपत्रिका डिजिलॉकरमधून उतरवून लगेच अपलोड करा, छापील प्रत शाळेत यायला वेळ लागतो. वैद्यकीय तपासणी परतल्यावर तिथे होते. लहानपणचा दमा, चष्म्याचा नंबर, हात मोडल्याचे एक्स-रे, जे असेल ते इंदूरच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घेऊन हातातल्या बॅगेत ठेवा.

मुलगा परतून हजर झाल्यावर बाँडची हमी आपोआप सुटली असं समजून बसू नका. सुटल्याचं पत्र मागवा, ते बँकेत द्या, ठेवीवरचा बोजा उतरल्याचं बँकेकडून लेखी घ्या. तोवर कमिशन चालूच असतं.